जुन्या एक्सपल्सला रॅलीचे शॉकअप: मेळघाटात ८ महिने चालवल्यावरचा हिशेब

सिपनाकाठ (धारणी तालुका, अमरावती)

मंडळी, गेल्या पावसाळ्यात मी इथे विचारलं होतं की माझ्या हीरो एक्सपल्स मोटारसायकलचे पुढचे शॉकअप बदलावेत का. बऱ्याच जणांनी वेळ काढून उत्तरं दिली होती. ऑक्टोबरात काम सुरू केलं, मध्ये चुकलं, जानेवारीत पुरं झालं. आता मृग लागला. पुढचे शॉकअप बसवून ८ महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांच्या मनात हेच चाललंय त्यांनी पैसे घालायच्या आधी वाचावं.

गाडी २०१९ ची एक्सपल्स २००, फ्युएल इंजेक्शनवाली. ६१ हजार किलोमीटर झालेत. माझं काम जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं, त्यामुळे मागच्या कॅरियरवर रोज नायट्रोजनचा कॅन असतो. त्या कॅनमध्ये उणे १९६ अंशांचं द्रव नायट्रोजन असतं आणि त्यात रेतमात्रांच्या कांड्या बुडवून ठेवलेल्या असतात. कॅनच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते. दणके बसून बसून ती गेली की नायट्रोजन भराभर उडून जातो, कॅनला बाहेरून दव धरतं आणि आतल्या मात्रा मरतात. म्हैस माजावर आली म्हणून एखादा कास्तकार पहाटे फोन करतो. तो माज हुकला तर त्याला पुढचे २१ दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्या दिवसांचं दूध जातं. त्याच्या दारात मेलेली मात्रा घेऊन जायचं माझ्या जिवाला पटत नाही. शॉकअपचा विषय माझ्यासाठी इथून सुरू झाला.

कंपनीच्या पुढच्या शॉकअपची चाल, म्हणजे चाक जितकं वर-खाली जाऊ शकतं ते अंतर, १९० मिमी. नवी होती तेव्हा गाडीने मला कधी तक्रार करू दिली नाही. पण गेल्या २ वर्षांत रपट्याच्या कडेला पुढचं चाक आदळलं की खट्ट करून तळ लागायचा, हँडलमधून मनगटापर्यंत कळ यायची. इथल्या एकाने सांगितलं होतं, "आधी मोज, मग बोल." त्याप्रमाणे मोजलं. गाडीचं पुढचं अंग दोराने वर घेऊन चाक अधांतरी ठेवलं आणि एक्सलपासून खालच्या टीपर्यंतचं (शॉकअपच्या दोन्ही पायांना, म्हणजे नळ्यांना, आडवं धरणारा तुकडा) अंतर टेपने घेतलं. मग कॅन बांधून, मी नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसून, पुन्हा तेच अंतर. दुसरं माप दोनदा घ्यायचं: एकदा हँडल दाबून हळू वर येऊ द्यायचं, एकदा वर उचलून हळू खाली बसू द्यायचं. सील पाइपला धरून ठेवतं म्हणून दोन्ही आकडे वेगळे येतात, त्यांची सरासरी धरायची. पहिल्या मापातून ही सरासरी वजा केली की बैठक मिळते, म्हणजे नुसत्या वजनाने शॉकअप किती दबतो ते. माझी बैठक आली ७४ मिमी. १९० पैकी ७४ नुसत्या बसण्यातच गेले, खड्ड्यासाठी उरले ११६. साधारण चालीच्या पाव ते तिसरा हिस्सा बैठक असावी असं धरतात. माझी त्याच्या बरीच पुढे गेली होती.

शॉकअप उघडले तर दोन्ही पायांतलं ऑइल राखाडी, कुबट वासाचं. दोन वेगळ्या बाटल्यांत काढलं होतं, डाव्या पायातलं स्पष्ट कमी निघालं. नव्या स्प्रिंगा, नवे सील, नवं ऑइल टाकलं. फरक पडला, खोटं बोलणार नाही. बैठक ५८ वर आली. पण माझ्या वाटेवर दोन रपटे असे आहेत की पुरात कडेचं काँक्रीट तुटून वीतभर पायरी झालीय. तिथे तळ लागणं काही थांबलं नाही. तेव्हा मी रॅली किटच्या शॉकअपकडे वळलो. हीरोने एक्सपल्ससाठी ते किट काढलं होतं. पुढची चाल २५० मिमी, मागची २२० (कंपनीची मागची १७०), आणि पुढच्याला प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण), कॉम्प्रेशन (दबतानाचा रोध), रिबाउंड (परत वर येतानाचा रोध) तिन्ही फिरवता येतात. पाइपची जाडी तीच ३७ मिमी, त्यामुळे टी तीच, चाक तेच, एक्सल तोच, कॅलिपर तोच.

मला वापरलेला जोड मिळाला, फक्त पुढचा. मागचा त्या माणसाने आधीच विकला होता. मी म्हटलं आता पुढचा घेऊ, मागचं पुढे पाहू. चूक इथे झाली, त्याबद्दल खाली लिहितो.

दुसरी गोष्ट, "पाइप एकदम सरळ आहेत" असं मला छातीठोक सांगितलं होतं. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. घरी आल्यावर कपाटाची काच काढून चटईवर ठेवली आणि तिच्यावर पाइप हळूहळू लोळवला. पहिला पाणी वाहावं तसा गेला. दुसरा अर्धा फेरा गेला की मध्ये उचलायचा, त्याच्याखाली पोस्टकार्ड सहज सरकलं. नवा पाइप मागवावा लागला आणि ३ आठवडे गेले.

जेवण करून येतो, बसवण्याचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो.

आलापल्ली_ते_भामरागड (गडचिरोली)

दादा, लिहा सावकाश. बैठक मोजायची रीत मी आजवर चार ठिकाणी वाचली, पण दोनदा मोजून सरासरी का घ्यायची ते आज कळलं.

सिपनाकाठ

बसवताना सगळ्यात मोठी अडचण गाडी उचलून धरायची. एक्सपल्सला मधला स्टँड नाही. आमच्या अंगणात कडुनिंब आहे, त्याच्या जाड फांदीला दोर टाकून हँडलच्या दोन्ही बाजूंनी गाडी टांगली आणि इंजिनखालच्या पत्र्याखाली सागाचा ओंडका दिला. मागच्या चाकाला दोन्हीकडून विटा. परतवाड्याचे मिस्त्री माझ्यासाठी रविवारी घरी आले, त्यांच्याकडून जे शिकलो ते सांगतो.

शॉकअप टीतून काढायच्या आधी वरचं टोपण सैल करायचं. वरच्या टीचा बोल्ट ढिला, खालच्या टीचा घट्ट, आणि तेव्हाच टोपणाला पाना लावायचा. एकदा पाय हातात आला की तो धरायला कुणी नसतं, मग लोक पाइप शिकंज्यात आवळतात आणि क्रोम खराब करून घेतात.

ऑइलची पातळी मिलीलीटरवर भरवसा ठेवून भरायची नाही. स्प्रिंग बाहेर, पाय पूर्ण दाबलेला आणि उभा, मग पाइपच्या तोंडापासून ऑइल किती खाली आहे ते मोजायचं. दोन्ही पायांत मिलीमीटरला मिलीमीटर. वर उरलेली हवा दाबली जाते, तीही एक स्प्रिंगच आहे. ऑइल १० मिमी वर घेतलं तर सुरुवातीला काही कळत नाही, पण चाल संपत आली की शॉकअप कडक होतो. मिस्त्रींनी पिचकारीच्या नळीला पट्टीने खूण केली, जास्तीचं ऑइल त्या खुणेपर्यंत ओढून घेतलं. दोन्ही पाय अगदी एकसारखे.

चाक बसवल्यावर एक्सल आवळायचा, पण तळाचा चिमटा-बोल्ट लगेच नाही. गाडी जमिनीवर घेऊन, पुढचा ब्रेक धरून शॉकअप पाचसहा वेळा दाबायचे. दोन्ही पाय आपापली जागा शोधतात. मग तो बोल्ट. उलट केलं तर पाय एकमेकांना तिरपे धरून राहतात आणि नवा शॉकअपही अडखळत चालतो. खालच्या टीचे बोल्टही आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. जोर लावून आवळले की पाइप तिथे चेपतो.

आणि ब्रेकची नळी, एबीएसची वायर! चाक अधांतरी लटकत असताना हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवून पाहा. शॉकअप ६० मिमी लांब झालाय, म्हणजे नळीला तेवढी जास्त वाट जायचंय. माझी नळी डावीकडे फिरवताना तारेसारखी ताठ झाली होती. तिचा मधला क्लॅम्प सोडवून मार्ग बदलला तेव्हा कुठे सैल आली. हे न बघता कुणी गाडी रस्त्यावर काढू नका, हात जोडून सांगतो.

पांढरकवडा४११ (यवतमाळ)

भाऊ, लय चांगलं लिहून रायले तुम्ही. माह्याजवळ रॉयल एनफिल्डची २०१८ ची हिमालयन ४११ आहे. वावर गावापासून ४ किलोमीटर, सगळी पांदण. पावसाळ्यात काळी माती काय करते हे तुमाले सांगाले नको. माह्या डोक्यात लय दिवसापासून बसलं आहे का नव्या हिमालयन ४५० चे उलटे शॉकअप (जाड नळी वर, बारीक खाली) आणून टाकावं. इकडं एक जण म्हणते जमून जाईल, फक्त खरादवर थोडं काम आहे. कोणी करून पाह्यलं का? मले खरं सांगा, पैसे कापसाचे आहेत.

लेथवाला_हिंगणा (नागपूर)

पांढरकवडा भाऊ, तुम्हाला उत्तर देतो, कारण हे काम घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मी अर्ध्यांना परत पाठवतो.

खरादवर होत नाही असं काही नाही. पण मिळणार काय ते आधी बघा. तुमच्या ४११ चे शॉकअप ४१ मिमीचे आणि चाल २०० मिमी. ४५० ला शोवाचे उलटे ४३ मिमीचे आहेत, आणि चाल? तीही २०० मिमीच. खड्ड्यासाठी तुम्हाला एक मिलीमीटरही जास्त मिळत नाही. मिळतं ते वळणात आणि ब्रेक लावताना कमी लवणारं पुढचं अंग, आणि आतली सुधारलेली डॅम्पिंग. ते चांगलंच आहे, पण पांदणीत ताशी १५ च्या वेगाने तुम्हाला ते जाणवणार नाही.

आता द्यावं काय लागतं? दोन्ही टी बदलतात. नव्या टीचा मधला खांब तुमच्या चेसिसच्या मानेत त्याच कोनसेटवर (हँडल फिरतं त्या बेअरिंगवर) बसतो का हे व्हर्नियर लावून बघावं लागतं. नाही बसला तर जुना खांब प्रेसवर काढून नव्या टीत बसवायचा. त्या एका जोडावर तुमचं पुढचं चाक उभं असतं. तिथे कुणी वेल्डिंग करतो म्हणाला तर तिथून उठून या. मग डिस्क ३०० ची ३२० होते, म्हणजे कॅलिपर बदलतो, एक्सल आणि चाक बदलतं, एबीएसच्या रिंगचा आणि सेन्सरचा मेळ घालावा लागतो. एवढं करून मानेच्या मध्यापासून शॉकअप किती पुढे आहेत ते अंतर बदललं तर ट्रेल (मानेची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) बदलतो. ते अंतर वाढलं की ट्रेल कमी होतो आणि गाडी हलकी, चंचल वळते. घटलं की जड. कंपनीने तो हिशेब त्या गाडीच्या चेसिससाठी बसवलेला असतो, तुमच्या चेसिससाठी नाही.

माझं ऐकाल तर आधी तुमचं आणि मागच्या ओझ्याचं वजन सांगा, बैठक मोजा. खताचं पोतं नेता का मागे? त्याप्रमाणे योग्य ताकदीच्या स्प्रिंगा, नवं ऑइल, नवे सील, कोनसेट. याला लागतो त्या कामाच्या खर्चाचा लहानसा तुकडा. आणि काळ्या मातीसाठी एक वेगळी गोष्ट: ४११ चं खालचं मडगार्ड टायरला चिकटून आहे. चिखल तिथे गच्च बसतो आणि चाक जाम होतं. पावसाळ्यापुरतं ते काढून ठेवा. तुमच्या पांदणीत शॉकअपपेक्षा याचा फरक आधी पडेल.

सिपनाकाठ, तुमच्या पाइपबद्दल: घरी काच, आणि खात्री करायची तर दोन व्ही ब्लॉकवर ठेवून मध्ये डायल गेज. पुष्कळ सर्व्हिस पुस्तकांत ०.२ मिमी ही शेवटची मर्यादा दिलेली असते. हलका बाक प्रेसवर काढता येतो, पण जिथे घडी पडली किंवा क्रोमला केसाएवढी चीर गेली तो पाइप भंगारात. तुम्ही नवा घेतला हे बरं केलं.

पांढरकवडा४११

खतच नेतो, ५० किलोची बॅग. कधी फवारणीचा पंप अन् पाण्याच्या कॅना. भाऊ, २०० अन् २०० सारखेच आहे हे मले आजपर्यंत कोणीच नाही सांगितलं. उद्याच मडगार्ड काढतो. बैठक मोजून इथंच टाकीन.

सिपनाकाठ

आता जी चूक झाली ती. नोव्हेंबर-डिसेंबर मी गाडी फक्त पुढच्या लांब शॉकअपवर चालवली. मागे कंपनीचा १७० चाच.

पहिल्या दिवशी हुरळून गेलो होतो. तुटलेला रपटा गाडीने नुसता गिळला. पण सेमाडोहवरून परतवाड्याकडे घाट उतरताना गाडी वळेना. म्हणजे वळायची, पण प्रत्येक वळणाला मला तिला रेटून आत घालावं लागायचं आणि बाहेर निघताना पुढचं चाक तरंगल्यासारखं. हिशेब साधा आहे. एक्सपल्सच्या दोन चाकांमधलं अंतर १४१० मिमी. पुढचं अंग ६० मिमी उचललं तर अख्खी गाडी जवळपास अडीच अंश मागे झुकते. बसल्यावर लांब शॉकअप थोडा जास्त दबतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, पण मानेचा कोन तेवढा पसरतो, ट्रेल वाढतो, आणि वजन मागे सरकतं. माझा कॅन आधीच मागे. म्हणजे ज्या मागच्या शॉकअपवर जास्त भार पडला तो जुना, दमलेला. कॅनला पूर्वीपेक्षा जास्त दणके बसायला लागले! ज्या कारणासाठी हे सगळं केलं तेच बिघडलं.

मग एकाने सुचवलं, पाय टीमध्ये ३० मिमी वर सरकव, पुढचं अंग तेवढं खाली येईल. सरकवले. नशिबाने मिस्त्रींनी चालवू दिलं नाही. म्हणाले, "आधी स्प्रिंगा काढून शेवटपर्यंत दाबून दाखव." दाबलं तर टायर मडगार्डला आतून टेकला. कारण विचार केला की कळतं. लांब शॉकअप ६० मिमी लांब आहे पण ६० मिमी जास्त दबतोही, म्हणून पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डपासून पूर्वीएवढाच लांब राहतो. पण पाय ३० मिमी वर सरकवले की ते अंतर तेवढं कमी होतं. कोरड्यात नुसता घासला असता. मडगार्डच्या आत बोटभर चिखल असताना, उतारावर, ब्रेकमध्ये टेकला असता तर चाक जागेवर थांबलं असतं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो: शॉकअप बदला, टी बदला, टायर मोठा घाला, काहीही करा, स्प्रिंग काढून चाक शेवटपर्यंत दाबून पाहिल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

पाय पुन्हा मूळ जागी आणले. जानेवारीत किटचाच मागचा शॉकअप दुसरीकडे मिळाला आणि गाडी सपाट उभी राहिली. घाटात ती पुन्हा माझी गाडी झाली. कॅनचा फरक तर मागचा बसल्यावरच पडला. नायट्रोजन आता मोजपट्टीवर पूर्वीपेक्षा दीड-दोन दिवस जास्त टिकतो.

मागचा बसवल्यावर साखळी नव्याने लावायची हे विसरू नका. मागची चाल वाढली की साखळी सगळ्यात जास्त ताणली जाते ती पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की. त्या ठिकाणी थोडी सैल राहील अशी लावायची. गाडी उभी असताना ती लोंबल्यासारखी दिसते, दिसू द्या.

गाविलगडची_पोर (चिखलदरा तालुका)

दादा, एक विचारते. मी आरोग्याच्या कामाला पाड्यांवर फिरते, एक्सपल्स २०२१ ची आहे, माझी उंची ५ फूट २ इंच. आत्ताच एका पायाची बोटं टेकतात. माझा भाऊ म्हणतो २५० वालाच घे, आयुष्यभराचं काम होईल. घेऊ का?

सिपनाकाठ

ताई, घेऊ नका. कंपनीच्या गाडीची सीट ८२३ मिमीवर आहे. २५० मिमी चालीची एक्सपल्स २०० ४व्ही प्रो २०२३ मध्ये आली तिची ८९१. म्हणजे जवळपास ७ सेंटीमीटर वर. माझी उंची ५ फूट ८ आहे तरी उतारावर गाडी वळवताना मला आता सीटवरून अर्धं उतरावं लागतं. तुम्ही एकट्या, पावसात, पाड्याच्या वाटेवर. तिथे पाय टेकणं ही पहिली गोष्ट.

तुमच्या शॉकअपमध्ये नव्या स्प्रिंगा आणि ऑइल टाकून बैठक ५० ते ६० च्या दरम्यान आणा, मागचा प्रीलोड तुमच्या बॅगेच्या वजनाला लावा. मी ही पायरी आधी केली होती, तेव्हाच गाडी निम्मी नवी झाली होती. माझ्या वाटेवर ते दोन रपटे नसते तर मीही तिथेच थांबलो असतो. परतवाड्याला याल तेव्हा सांगा, मिस्त्रींकडे मी सोबत येतो.

गाविलगडची_पोर

बरं झालं विचारलं. पुढच्या महिन्यात येते परतवाड्याला.

मूळ_वाशिमकर (सध्या पुणे)

धागा सुरेख चालला आहे, पण कायद्याचं कुणीतरी लिहायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. झिजलेल्या स्प्रिंगा, सील, ऑइल बदलणं ही दुरुस्ती झाली. ६० मिमी लांब शॉकअप घालून गाडीची उंची आणि चाकांमधलं अंतर बदलणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि रॅली किट विकलं गेलं ते स्पर्धेसाठी. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. सिपनाकाठ, तुमची कळकळ समजते, म्हणूनच विचारतो: तुम्ही याचं काय केलं?

सिपनाकाठ

बरोबर विचारलंत, आणि मी याला वळसा घालणार नाही. बसवायच्या आधी मी हे पाहिलं नव्हतं, नंतर कळलं. विमा कंपनीला लेखी कळवलंय, उत्तराची वाट बघतोय. आरटीओत जाऊन विचारणार आहे. नाही म्हणाले तर जुने शॉकअप नव्या स्प्रिंगांसह गोठ्यात गुंडाळून ठेवलेत, ते परत चढतील. आज कुणी मला विचारलं तर मी सांगेन की चाल खरंच २५० हवी असेल आणि गाडी बदलायची ऐपत असेल तर ४व्ही प्रो घ्या. तिला कंपनीनेच २५० आणि २२० दिलीय, आणि साइड स्टँडपासून सगळं त्या उंचीला जुळवून आलंय.

साइड स्टँडवरून आठवलं. तेही लिहायला हवं. मागचा शॉकअप बसवल्यावर स्टँड आखूड पडला, गाडी डावीकडे फार कलायची. मी म्हटलं करू आठवड्याभरात. हरिसालच्या अलीकडच्या एका पाड्यावर, शेणाने सारवलेल्या अंगणात गाडी लावली आणि गोठ्यात गेलो. पाठीमागे धप्प आवाज. गाडी आडवी, कॅनचं बूच उडालेलं, आणि अंगणभर पांढरा धूर. म्हातारी आजी लेकराला उचलून मागे सरली. कुणाला काही झालं नाही, पण ते लेकरू दोन पावलं पुढे असतं तर? उणे १९६ अंश. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टँड वाढवून घेतला.

आलापल्ली_ते_भामरागड

वाचून अंगावर काटा आला दादा. ते लेकरू वाचलं, बास.

माझ्याकडून एक भर. आमच्याकडे पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नका, हे आधी. पण छोट्या नाल्यांतून तर जावंच लागतं. पाणी एक्सलच्या वर गेलं आणि सील दमलेलं असेल तर आत शिरतं. ऑइल दुधाळ दिसलं की समजायचं. तसं दिसलं तर हंगाम संपायची वाट बघू नका, लगेच बदला. आणि शॉकअपवरचं घडीचं रबर हे जितकं राखतं तितकंच मारतंही. त्याच्या आत ओला गाळ अडकून बसतो आणि पाइपला वाळूच्या कागदासारखा घासतो. मी दर आठवड्याला खालची पट्टी सोडून रबर वर सरकवतो आणि साध्या पाण्याने धुतो. प्रेशरचा फवारा सीलवर मारायचा नाही.

सिपनाकाठ

अगदी. आणि सील गळायला लागलं म्हणजे ते फाटलंच असं नाही. बहुतेक वेळा ओठाखाली वाळूचा कण असतो. जुनी एक्स-रेची फिल्म घ्यायची, दोन बोटं रुंद पट्टी कापायची, टोकाला आकड्यासारखी खाच करायची. धूळ-टोपी वर सरकवून ती पट्टी पाइप आणि सीलच्या मधून अलगद खाली घालायची आणि पाइपभोवती फिरवत बाहेर काढायची. काळी रेघ लागून येते. दोनतीनदा केलं की गळती थांबते. मी मे महिन्यात केलं, अजून कोरडं आहे.

लेथवाला_हिंगणा

सेटिंग काय ठेवलीय सध्या? विकणाऱ्याने ज्या मापावर दिले त्यावरच चालवताय की बदललं?

सिपनाकाठ

बदललं. आले तेव्हा प्रीलोड बराच आवळलेला होता, बैठक ५५ मिमी. २५० ला ते फार ताठ, बारीक खडीवर पुढचं चाक टिपऱ्या खेळत होतं. प्रीलोड सोडत सोडत ७२ वर आणलं. कॉम्प्रेशन मध्यापासून दोन टिचक्या सैल. रिबाउंडसाठी हँडल जोरात दाबून सोडतो. एका दमात वर यावं आणि तिथेच थांबावं. वर जाऊन पुन्हा खाली डोकावलं तर रिबाउंड सैल, वर यायला आळस केला तर जास्त घट्ट. एका वेळी एकच खिळा फिरवतो, त्याच रपट्यावरून दोनदा जातो, आणि खिशातल्या वहीत लिहितो. मे महिन्यात भर दुपारी ऑइल पातळ होऊन गाडी मऊ वाटायची तेव्हा रिबाउंड एक टिचकी आवळली होती. परवा पाऊस पडल्यावर पुन्हा सोडली.

पांढरकवडा४११

भाऊ, मोजलं. पोरानं टेप धरला. ५० किलोची बॅग मागं ठेवून ८१ मिमी भरली. २०० मधले ८१. बॅग नसताना ६९. अन् मडगार्ड काढून काल वावरात जाऊन आलो, पह्यल्यांदा वाटेत काडीनं चिखल काढाले उतरावं नाही लागलं. लेथवाले भाऊ, स्प्रिंग कोणती घेऊ ते सांगा.

लेथवाला_हिंगणा

शाब्बास. बॅग मागे ठेवली तर पुढे १२ मिमी वाढतात, म्हणजे पुढच्या स्प्रिंगा थकल्या आहेतच, पण मागचंही मोजायला हवं. मागच्या एक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत. तीन मापं: चाक अधांतरी, तुम्ही एकटे, तुम्ही आणि बॅग. ती टाका, मग स्प्रिंगचं बोलू. घाई करू नका, पेरणी आटपू द्या.

गाविलगडची_पोर

सिपनाकाठ दादा, स्टँड किती वाढवला आणि खाली पत्रा लावला का? आमच्याकडे अंगणं तशीच सारवलेली असतात.

सिपनाकाठ

४५ मिमी वाढवला ताई, आणि खाली तळहाताएवढी चौकोनी पट्टी जोडलीय, ५ मिमी जाडीची. मऊ मातीत रुतत नाही. पण तुम्ही १९० वरच राहणार, तुम्हाला वाढवायची गरज नाही, नुसती पट्टी लावून घ्या. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो, आत्ता इथे लाइट गेलीय.